तेजूला न्यायला येशील तेव्हा

शनिवार पेठ, पुणे
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. साईनाथ यास मुक्ताआजीचा आशीर्वाद. वि. वि. मी इथे बरी आहे, म्हणजे तोंड मिटून आहे.

फोन का करत नाही म्हणशील. या फ्लॅटच्या भिंती पापडासारख्या. मला तुला जे बोलायचंय ते तेजूच्या सासरी सगळ्यांना ऐकू जाईल, आणि पाठराखीण म्हणून आलेल्या बाईनं नवरीच्या सासरी आवाज चढवायचा नसतो. म्हणून तिसरीपर्यंतची शाळा बाहेर काढली. चिठ्ठी गेनबा दूधवाल्याबरोबर मांजरीला येईल.

रविवारी बहिणीला सासरी पोचवायला आलास की गावाला दवंडी द्यायला? वूफरचं ते खोकं डिकीत मावेना म्हणून मागची अर्धी सीट पाडलीस. नवी नवरी साड्यांची बॅग मांडीवर घेऊन, आणि मी गुडघे कानाला लावून. गाणी लावून बोळात शिरलास तशा यांच्या कपाटाच्या काचा थरथरल्या. तेजूच्या सासऱ्यांनी, श्रीधररावांनी, कानातलं मशीन काढून खिशात टाकलं. सासूबाई कौशल्याबाई ओरडत नाहीत रे. मला चहा दिला आणि शांतपणे विचारलं की, आपल्या नातवाला ऐकायला कमी येतं का? तेव्हापासून मिक्सर लागला की म्हणतात, तेजस्विनीचे भाऊ आले वाटतं. पोरगी हसते, आणि मग भांडी जोरजोरात घासते. माहेरचं नाव काढायचं तिनं बंद केलंय.

शनिवारी मांडवपरतणीला तिला माहेरी न्यायला येशील. खोकं काढून ये. नाहीतर तिला गाडीत बसू देणार नाही.

कळावे. लोभ आहे, पण सध्या कुलपात आहे.

आजी

मांजरी
बुधवार, १२ फेब्रुवारी

ती. आजीस साईनाथचा सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. वाचताना कान लाल झाले.

तुझं म्हणणं एकदम बरोबर आहे. आवाज खराबच होता. बुधवार पेठेत सलिलकडे, जिथून वूफर घेतला तिथे, गाडी दाखवली. तो पोट धरून हसला. बॉक्स केवढा हवा ते वूफरबरोबरच्या कागदावर छापलेलं असतं. मी तो कागद वाचलाच नाही. सुताराला सांगितलं, जागा आहे तेवढा कर. मला वाटलं, जेवढा मोठा बॉक्स तेवढा बेस. पण आत हवा जास्त झाली की वूफरचा पडदा मोकाट हलतो आणि नुसतं भोंगळ घुमतं.

आता आत लाकडी ठोकळे ठोकून पोकळी कमी करतोय. शनिवारी असा कडक बेस ऐकवतो की कौशल्याकाकू स्वतः खाली येऊन विचारतील. तू बघच.

तेजूला सांग, खरवस करून ठेवायला आईला सांगितलंय. राग सोड, माया ठेव.

तुझा साईनाथ

शनिवार पेठ
गुरुवार, १३ फेब्रुवारी

चि. साईनाथ यास आशीर्वाद, नाइलाजानं.

गाढवा, तुझा आवाज चांगला की भोंगळ हे मी विचारलं होतं का? ठोकळे आत ठोकलेस. बाहेरून खोकं तेवढंच राहिलं ना? मग तुझी बहीण बसणार कुठे, ठोकळ्यावर? डोकं तुझं आहे, त्यातली पोकळी आधी कमी कर.

आता काय झालंय ते ऐक. काल रात्री जेवताना कौशल्याबाई म्हणाल्या की, भावांना कशाला त्रास, आमचा गंधारच बायकोला सोडून येईल. गंधार मान खाली घालून आमटी ओरपत होता. मांडवपरतणीला भावानं यायचं नाही, म्हणजे काय रे? दाराशी नको असलेला माणूस ठरलास तू. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, घासाबरोबर गिळलं.

आणि आपली तेजू, जी चार दिवस नुसती हसत होती, ती ताट सोडून म्हणाली की, माझा भाऊ येईल तेव्हाच मी माहेरी जाईन, नाही आला तर जाणार नाही. आज तिच्याशी कोणी धड बोलत नाही. तुझ्यासाठी पोरीनं नव्या घरात वाईटपणा घेतलाय. आता ठोक काय ठोकायचं ते.

आजी

मांजरी
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

खोकं फोडलं. त्याच प्लायचा कागदावरच्या मापाचा छोटा बॉक्स सुताराकडून करून घेतला. डिकीच्या कोपऱ्यात बसला, सीट सरळ झाली, बॅगाही मावतात. आवाज खरंच ठोस झालाय, पण ते तुला सांगत नाही. उद्या वायर काढूनच येतो. बोळात कोणाला पत्ताही लागणार नाही.

तेजूला सांग, तिचा भाऊ येतोय. दहाला पोचतो.

साईनाथ

शनिवार पेठ, वरचा मजला
शनिवार, १५ फेब्रुवारी

साईनाथ,

मायना-बियना काही नाही. ही चिठ्ठी गंधारच्या हाती खाली पाठवतेय.

अकरा वाजून गेले. कौशल्याबाईंनी दोनदा घड्याळ बघून विचारलं की, भाऊ विसरले का? तेजू नेसून, बॅग घेऊन दारातल्या खुर्चीवर बसलीय. फोन करणार नाही म्हणते, भावाला बोलावून आणायची वेळ आली तर तो भाऊ कसला. तिचा चेहरा मला बघवेना म्हणून गॅलरीत गेले, तर खाली तुझी गाडी! दहाला पोचतो म्हणालास, म्हणजे तासभर काचा वर करून, मेल्यासारखा गप्प बसलायस. हॉर्नसुद्धा नाही. अरे, आवाज नको म्हटलं होतं, तू नको असं कोण म्हणालं?

बहिणीला न्यायला भाऊ जिना चढून येतो. गाडीतून उतर. तिसरा मजला आहे. पाय आपटत ये, प्रत्येक पायरीवर. ऐकू दे सगळ्यांना.

आजी