दिव्याचं तोंड कुणीकडे

सोमवार, ४ नोव्हेंबर
पडला! आजही सायकलचा दिवा पडला! भर चौकात वळताना टप्पकन, आणि मागून आलेल्या टेम्पोचं चाक नेमकं त्यावरूनच गेलं. उचलायला गेले तर काच एकीकडे, सेल दुसरीकडे, आणि पट्टी तेवढी हँडलला लोंबकळतेय. पुढचा सगळा रस्ता अंधारात सायकल हातात धरून चालत गेले. लाँड्रीच्या दाराशी बायका कुडकुडत उभ्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "किल्ल्या तुझ्याकडे आणि सगळ्या बाहेर?"

घाईघाईने कुलूप काढलं. इतकी वर्षं हॉटेलांच्या चादरी धुतल्यावर आत्ता कुठे पहाटेची पाळी माझ्या ताब्यात दिलीय. तीसुद्धा महिनाभर बघू म्हणून. महिनाअखेरीला ठरवणार, ठेवायची की काढून घ्यायची. ती मी एका फडतूस दिव्यापायी घालवणार आहे का?

मंगळवार, ५ नोव्हेंबर
सायकलच्या दुकानात गेले. दुकानदाराने काउंटरवर दिव्यांची रांगच मांडली. "ताई, तुम्हाला रस्ता दिसायला हवाय, की तुम्ही लोकांना दिसायला?" म्हणे दोन्हींचे दिवे वेगळे! मी म्हटलं, लोकांनी मला बघून काय करायचंय? मला रस्ता दिसू दे.

"जायचं कुठवर?" — पुलापलीकडे. "मग एवढासा पुरे. रस्त्यात खांब आहेत की." स्वस्तातलाच घेतला, पण चार्जिंगचा. सेलवाल्याचं तोंड बघायचं नाहीये आता.

बुधवार, ६ नोव्हेंबर
पुरे म्हणे! डोंबल पुरतोय!

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
सापडला चोर! घरातलाच निघाला.

सायकल एक आणि आम्ही दोघं. दुपारी मी घरी पोचते तेव्हा नवरा डबा घेऊन दारातच उभा असतो. माझ्या हातातलं हँडल त्याच्या हातात, की तो निघाला कारखान्यात. तो परततो तेव्हा मी झोपलेली, मी निघते तेव्हा तो घोरत पडलेला. संसार कसला, नुसती हँडलची अदलाबदल! तो सीट वर करतो, मी खाली करते. इथवर ठीक. पण हा पठ्ठ्या दिव्याचं तोंडही खाली करून ठेवतो! पार पुढच्या चाकापाशी! आणि मी पहाटे चाचपडत ते वर करते.

आज दारातच धरलं त्याला. "अगं, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. परवा एकाने शिव्या घातल्या मला."

"मग मी काय नुसतं चाक बघत जाऊ?"

"दिसतं की सगळं स्वच्छ!" आणि गेला टांग मारून. याला सगळंच स्वच्छ दिसतं. सिंकमधली भांडी तेवढी दिसत नाहीत.

सोमवार, ११ नोव्हेंबर
खाली. वर. खाली. वर. आज मुद्दाम चिकटपट्टी लावून ठेवली होती. काढली त्याने! सरळ काढली!

बुधवार, १३ नोव्हेंबर
पट्टीच तुटली. दुकानदाराने हातात घेऊन बघितली आणि हसायला लागला. "ताई, ही तुटलेली नाही, पिळलेली आहे. रोज वर-खाली करता का?" सांगितलं सगळं. "मग एक तुम्हाला घ्या, एक साहेबांना." आला मोठा शहाणा! एकच परवडेना, म्हणून तर ही रड.

शेवटी त्याच्याकडचा सगळ्यात जोरदार दिवा घेतला. ठरवलेल्या पैशांबाहेर गेले, जाऊ दे. दुकानामागच्या खोलीत लावून दाखवला तर भिंत पांढरीफटक! आता काय बिशाद उशीर व्हायची.

गुरुवार, १४ नोव्हेंबर
खड्ड्यात गेले. शब्दशः. गुडघा सोलून निघालाय आणि उशीर झाला तो झालाच. मोठ्या बाईंनी या खेपेला नुसतं घड्याळाकडे बघितलं. ते जास्त लागलं.

सगळ्यात संताप कशाचा आला? इस्त्रीवाली मैत्रीण समोरून चालत येत होती. दोन्ही हात डोळ्यांवर धरून ओरडली, "अगं ए, आंधळी करशील मला! केवढा तो उजेड!" कुठला उजेड? कुणाला सांगता? दुकानात भिंत पांढरीफटक आणि रस्त्यावर काळोख. बॅटरीतच काहीतरी खोट आहे. फसवलं मेल्याने!

रविवार, १७ नोव्हेंबर
यंत्रं दुरुस्तीला काढलीत म्हणून आज कारखाना बंद. किती दिवसांनी आम्ही दोघं एका वेळी घरात! वाटलं, चार शब्द धड बोलू. पण नाही, दिव्यावरूनच जुंपली. शेवटी तो म्हणाला, "चल, अंधार पडलाच आहे. रस्त्यावरच सोक्षमोक्ष लावू."

पुलाजवळ, खांब लांब आहेत तिथे गेलो. सायकल त्याने धरली, दिव्याचं तोंड त्याच्या पद्धतीने, खाली. "आता सांग. ते कुत्रं दिसतंय ना बसलेलं?"

मला हरायचं नव्हतंच, आणि इथे खोटंही बोलावं लागलं नाही. म्हटलं, नाही दिसत. मग त्याने तोंड वर केलं. "आता?" म्हटलं, आता कसं, लख्ख दिसतंय! आणि दोन पावलं टाकली तर पाय थेट त्या कुत्र्यावरच. केवढ्याने केकाटलं बिचारं!

तो पोट धरून हसला. "हट्ट म्हणजे तरी किती गं!" मीही हसले. लख्ख काय, मला कुत्रं दिसलंच नव्हतं. त्याला दोन्ही वेळा दिसत होतं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर
झोप नाही.

बुधवार, २० नोव्हेंबर
पाळी संपल्यावर डोळे तपासून आले. एकटीच गेले. डॉक्टरीण म्हणाली, "अंधारातली नजर जातेय तुमची. हे चष्म्याने भरून यायचं नाही. सायकल दिवसाउजेडीच चालवा." म्हणजे दिवे सगळे चांगले होते.

घरी आले तर तो पाना घेऊन दारात उभा. हातातून सायकल घेतली, दिवा माझ्या मापाने वर केला आणि नट करकचून आवळला. "घे बाई, जिंकलीस. आता हात नाही लावणार मी. दिसेल ना नीट?"

मी म्हटलं, हो, आता दिसेल.