टोकाकडची फट

३ फेब्रुवारी
आईची सुई पुन्हा जमिनीत गेली! हवा कोरडी झाली की आमची लाकडी जमीन दात विचकते, फळीफळीत फटी. मी भुसा आणि सरस कालवून भरायला बसले, तर बाबांनी वाटीच काढून घेतली. ‘आत्ता ठासून भरशील. मग हवा ओली झाल्यावर फळ्या फुगून कुठे जातील? तुझ्या डोक्यावर?’ बरोबरच आहे. फट फारच रुंद असेल तर लाकडाची बारीक पट्टी बसवायची, सरस एकाच बाजूला. दुसरी बाजू मोकळी, म्हणजे फळीला हलता येतं. बाकी फटींना नुसतं थांबायचं.
घरातली पहिली पदवीधर, आणि सकाळभर झाडूच्या काडीने सुई शोधतेय.

४ फेब्रुवारी
सुई सापडली नाही.

६ फेब्रुवारी
एक फट मात्र वेगळी आहे. काकांच्या भिंतीपासून हातभर अलीकडे, फळ्यांची टोकं जिथे मिळतात तिथे, आडवी. लाकूड आक्रसतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच — बाबांनीच शिकवलंय. मग टोकाला फट कशी? विचारलं. ‘कोरडी हवा,’ म्हणाले आणि रंधा उचलून खाली कारखान्यात गेले. लाकडावर तासभर बोलणारा माणूस!
ती भिंत आजोबा गेल्यावर घातली. बाबा आणि काका वेगळे झाले, एका मोठ्या खोलीच्या दोन केल्या. विटांची भिंत, थेट लाकडी जमिनीवर. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

९ फेब्रुवारी
फटीत पटाशी घातली. एक पट्टी निघाली. तिला चिकटून दुसरी. मग तिसरी. रंग इतका जुळवलेला की डोळ्याला कळणार नाही! म्हणजे फट वाढत गेली आणि बाबा भरत गेले. कुणाला न सांगता.
बाबांनी पट्ट्या पाहिल्या. ‘पदवी मिळाली म्हणून घर उकरायला लागलीस का?’
आई नंतर हळूच: ‘भिंतीचा विषय काढू नकोस. कसंबसं शांत आहे सगळं.’

१० फेब्रुवारी
बाबा बाहेर गेल्यावर कारखान्यात उतरले. भिंत ज्या तुळईवर उभी आहे तिच्याखाली दोरा ताणून बांधला. तुळई मधोमध चांगली दोन बोटं खाली आलीय! ती खचली म्हणून फळ्या भिंतीकडे कलल्या, आणि शेजारच्या तुळईवरचा सांधा वरून उघडला. हवेचा काही संबंध नाही. आणि त्या तुळईच्या बरोबर खाली बाबांचं टेबल. दिवसभर तिथेच मान खाली घालून रंधा मारतात.
आल्यावर दोरा दाखवला. बाबांनी वर बघितलं.
‘टेकू लावू.’
‘आणि भिंत?’
‘ती काढायची तर त्याला सांगावं लागेल.’

१२ फेब्रुवारी
टेकूही लावलेला नाही अजून. टेबल तिथेच. मी ओरडले — बाबांवर, आयुष्यात पहिल्यांदा. ते रंधा मारत राहिले.

१३ फेब्रुवारी
शेवटी मीच काकांकडे गेले. दार काकीने उघडलं. ‘अगं बाई, पदवीधर! रस्ता चुकलीस की काय?’ काका आतूनच: ‘कुणी पाठवलं?’ कुणी नाही, म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं.
काका उठले. चटईचा कोपरा उचलला. त्यांच्याही बाजूला तोच सांधा. तसाच पट्ट्यांनी भरलेला! ‘मला वाटलं, कोरडी हवा,’ म्हणाले. माझ्याकडे न बघता.
मला आधी हसू आलं, मग राग. एवढे कसलेले दोन सुतार! इतकी वर्षं भिंतीच्या दोन बाजूंना बसून एकच गोष्ट झाकतायत.
‘आधी तो बोलू दे,’ काका म्हणाले.
‘तुळई थांबणार नाही, काका. बाबा तिच्याखाली बसतात.’
‘वकील व्हायचं होतंस,’ काकी म्हणाली.

१४ फेब्रुवारी
काही नाही. बाबांना सांगितलंय मी कुठे गेले होते. जेवले नाहीत.

१५ फेब्रुवारी
काका कारखान्यात आले! ना नमस्कार, ना काही. वर बघितलं आणि सुरूच झाले. ‘याच्याखाली बसतोस? अक्कल गहाण टाकलीस का, दादा?’
‘भिंत तुला हवी होती.’
‘विटा कुणी आणल्या?’
‘टेकूचं ते टोक धर आधी.’
काकांनी धरलं. मग संध्याकाळपर्यंत दोघे काम करत होते आणि भांडत होते. आई जिन्यात उभी राहून ऐकत होती. डोळे पुसत, पण हसतही होती.

१९ फेब्रुवारी
भिंत उतरली. घरभर धूळ, डाळीच्या डब्यातसुद्धा. वजन गेल्यावर टेकू ठोकत ठोकत तुळई वर घेतली आणि तिच्या दोन्ही अंगांना नवं लाकूड जोडलं. टोकाचा सांधा मिटला. पट्टी नाही, सरस नाही. काकांनी त्यावर नख फिरवून पाहिलं. मग बाबांनी.

२१ फेब्रुवारी
गवंडी येऊन गेला. नवी भिंत कुठून घालायची, विचारत होता; या वेळी हलकी घालू, म्हणाला. काका म्हणाले, ‘उद्या ये.’
तो जिना उतरल्यावर बाबा काकांना म्हणाले, ‘उद्या आपण दोघंही घरी नाही.’