तब्येत जरा नरम आहे

ताई,

‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं. राग उतरला की परत लिहीन.

महिना झाला तुला जाऊन. आजवर गप्प होतो, कारण घरात माणसं होती, आणि मेलेल्या बहिणीवर चिडलेला भाऊ कुणाला बघवत नाही. पण आज तुझा मुलगा मला म्हणाला, “मामा, मी परत नाही जात. सोडून राहिलो मी खेळणं.” फ्रान्समधून त्याच्या कोचचा फोन येतो. रेमी फोन हातात धरून बघत बसतो, उचलत नाही. क्लबने दिलेली सुट्टी या आठवड्यात संपते. तो गेला नाही तर संघातली त्याची जागा दुसऱ्या पोराला मिळेल. एकोणीस वर्षांचा आहे तो, आणि बास्केटबॉलशिवाय त्याने काही केलेलं नाही. म्हणून लिहायला बसलो. पोटासाठी आयुष्यभर हिंदीत बातम्या लिहिल्या, पण तुझ्याशी भांडायला मराठीच लागते.

त्याला या खेळात घातलं कुणी? तूच ना? तुमच्या इमारतीमागच्या पार्किंगमध्ये डाव्या हाताने चेंडू टाकायला तूच शिकवलंस. पंधराव्या वर्षी क्लबने त्याला आपल्या प्रशिक्षण केंद्रात नेलं. दुसऱ्या गावी हॉस्टेल, सकाळी शाळा, मग अंधार पडेपर्यंत सराव. दर रविवारी तू रेल्वेने जायचीस, डब्यात भाकरी घेऊन. ज्वारीचं पीठ आम्ही इथून पाठवायचो. आणि प्रेक्षकांत बसून ओरडायचीस, “काहून उभा राहिला? मार ना!” पुढच्या रांगेतले लोक वळून बघायचे आणि रेमीचे कान लाल व्हायचे. आता त्याच्या संघातली सगळी फ्रेंच पोरं एकमेकांवर ‘काहून’ म्हणून ओरडतात, हे त्यानेच मला सांगितलं. तेव्हा हसत होता. या महिन्यात मी त्याला तेवढ्या वेळेलाच हसताना पाहिलं.

गेल्या वर्षी त्याला पहिला व्यावसायिक करार मिळाला. मोठ्या संघात गेला आणि बेंचवर बसला. सामन्याचा निकाल लागल्यात जमा झाला की शेवटच्या मिनिटाला त्याला आत पाठवायचे. तू मला फोन करायचीस, “विजू, आज दोन मिनिटं खेळला रे.” दोन मिनिटांचा केवढा तो अभिमान. मी इथे चेरीतालच्या आपल्या गल्लीत ते सगळ्यांना सांगत फिरायचो.

आणि मग तू इथे आलीस. त्याला सांगितलंस, आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, जाऊन येते. आईच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. तिकडच्या डॉक्टरांनी तुझ्या कॅन्सरपुढे हात टेकले होते, म्हणून तू आली होतीस. आईला सांगितलंस, मला सांगितलंस. रेमीच्या वडिलांना नाही, ते तर घटस्फोटानंतर तुझ्यासाठी उरलेच नव्हते. आणि रेमीला नाही.

“सीझन संपेपर्यंत एक शब्द नाही सांगायचा,” तू म्हणालीस.

“ताई, तो मोठा झालाय आता.”

“मोठा? अरे, त्याला अजून आपले मोजे सापडत नाहीत. पहिलं वर्ष आहे त्याचं. आत्ता उठून आला तर जागा जाईल.”

“आणि मध्येच तुझं काही झालं तर?”

“तर मी कुठे बघायला राहणार? तू बघ.”

आणि हसलीस. मला तेव्हाही हसू आलं नाही.

व्हिडिओ कॉलच्या वेळी दिवा कुठे धरायचा, हेही तू मला शिकवलंस, चेहऱ्यावरची हाडं दिसू नयेत म्हणून. डोक्याला स्कार्फ. मागे आई गुडघ्याला पट्टा बांधून लंगडत फिरायची. रेमी तिकडून विचारायचा, “आजी, दुखते का?” आणि आई म्हणायची, “दुखते रे बाप्पा, तुझ्या आईला सोडत नाही मी एवढ्यात.” आई नाटकात चांगली निघाली. तिला सवय होती, त्याच्याकडे येतोच.

शुक्रवारी तुझी शुद्ध हरपली. मी रेमीला फोन केला आणि आपल्याकडे दूरच्या माणसाला जे सांगतात ते सांगितलं, “आईची तब्येत जरा नरम आहे, येऊन जा.”

इथल्या कुठल्याही पोराला हे वाक्य ऐकलं की काय समजायचं ते समजतं. भोपाळला असो की पुण्याला, हातातलं टाकून तो स्टेशन गाठतो. सांगणारा खोटं बोलतो, ऐकणारा खरं ओळखतो, आणि तो घरी पोचेपर्यंत दोघंही ते बोलत नाहीत. ही रीत रेमीला कोण शिकवणार होतं? तू तर त्याला कधी शिकवली नाहीस. त्याने साधा प्रश्न विचारला, “किती नरम?”

“तू ये तर खरं,” मी म्हणालो.

“मामा, रविवारी मी पहिल्या पाचात आहे. पहिल्यांदा. सोमवारी निघालो तर चालेल?”

तू पढवून ठेवलं होतंस तेच मी बोललो, “चालेल.”

रविवारी सकाळी तू गेलीस. संध्याकाळी तो खेळला. तुझा फोन माझ्या खिशात होता, त्यावर इंग्रजी अक्षरांत त्याचा मेसेज आला, “आई, जिंकलो. सगळे नाचलो. उद्या निघतो.” आम्ही तोवर तुला अग्नी दिला होता. थांबायचं नाही, त्याने मला अशी पाहू नये, हाही तुझाच हुकूम. किती विचार केला होतास तू प्रत्येक गोष्टीचा. फक्त तो दारात येऊन उभा राहील तेव्हा त्याचं काय होईल, हे तेवढं राहिलं.

विमानतळावर त्याने विचारलं, “आई घरी आहे की हॉस्पिटलमध्ये?” मी म्हणालो, “घरी चल.” गल्लीत मांडव घालून भाड्याच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. शेजारचा गुप्ता उठून म्हणाला, “बेटा, हिम्मत रखो.” तिथे कळलं त्याला. मांडवातल्या माणसांसमोर, हातात बॅग घेऊन. पुढे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेले दोघं-तिघं तर त्याला विचारत होते, “भैया, हाइट कितनी है?”

तिलवाऱ्याच्या घाटावर नदीत अस्थी सोडून आल्यावर तो मला एवढंच म्हणाला, “मी विचारलं होतं तुला. किती नरम, मी विचारलं होतं ना?”

याला काय उत्तर देऊ, सांग. ताईने सांगितलं होतं, असं? माझेही केस पांढरे झालेत.

पण माझा खरा राग याच्याही मागचा आहे. बाबा गेले तेव्हा तू नागपूरला विद्यापीठाच्या बास्केटबॉल स्पर्धेत होतीस. मी शाळेत होतो. आईने शेजारच्या काकांना फोन करायला लावला, “बाबांची तब्येत जरा नरम आहे, मॅच झाली की येऊन जा.” तुला खरंच वाटलं की जरा नरम असेल, कारण बाबा फॅक्टरीतून कधी एक दिवस रजा न घेणारे. तू फायनल खेळलीस. येताना बसमध्ये तुमच्या संघातल्या मुली गाणी म्हणत होत्या आणि तूही म्हणत होतीस, तिलवाऱ्याचा पूल येईपर्यंत. तुला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. आईला तू म्हणालीस, “माझा बाप मेला होता आणि मी गाणे म्हणून राहिली होती. हे तू केलं.”

बूट शेजारच्या मुलीला देऊन टाकलेस. राज्याच्या संघाच्या निवडीला गेलीच नाहीस. आईशी वर्षभर धड बोलली नाहीस, आणि शिष्यवृत्ती मिळताच इतकं दूर गेलीस की आई अजूनही म्हणते, पोरगी माझ्यावर रुसून समुद्रापार गेली.

हे सगळं स्वतः भोगलेलं एकच माणूस या जगात होतं, ते म्हणजे तू. खोटं ऐकून सामना जिंकलेल्या पोराला नंतर चेंडूकडे बघवत नाही, हे डॉक्टरला माहीत नव्हतं, मला नव्हतं, तुला होतं. तरी तू तेच केलंस. त्याचं खेळणं वाचावं म्हणून केलंस आणि त्याचं खेळणंच सुटायला आलं. आईला तर काय करावं हे कळत नव्हतं, अर्ध्या तासात तिने ते ठरवलं. तू चार महिने विचार करून ठरवलंस. याचा राग मी कुठे नेऊन ठेवू?

इथवर लिहून काल थांबलो. आज पुढचं.

सकाळी रेमी बाहेर ओट्यावर चहा घेऊन बसला होता. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, काय विचारायचं ते विचार, सगळं सांगतो. त्याने विचारलं, तिला केव्हापासून माहीत होतं. दुखत होतं का. शेवटी काही बोलली का. मी सांगितलं. खूप दुखत होतं हेही सांगितलं. शेवटी तू काही बोलली नाहीस, हेही. काही छानसं रचून सांगता आलं असतं, शब्दांचंच काम करतो मी. नाही रचलं.

त्याने उरलेला चहा संपवला. मग म्हणाला, “आजी कशाच्या गोळ्या घेते? काय झालं आहे तिला?”

“काही नाही, बीपी,” आतून आईचा आवाज.

“आजी, तुला नाही विचारून राहिलो. मामाला विचारून राहिलो.”

मी सांगितलं. हृदयाची एक झडप नीट चालत नाही. या वयात डॉक्टर ऑपरेशन नको म्हणतात. औषधं चालू आहेत. किती दिवस, ते त्यांनाही सांगता येत नाही.

“काहून सांगून राहिला रे त्या लेकराला?” आई दारात आली. “अशाने जाईल का तो?”

“आजी, तू चूप बस.”

आईला चूप बस म्हणायची बाबांचीही हिंमत नव्हती. मला वाटलं आता स्वयंपाकघरातली भांडी वाजणार. पण आई बाहेर आली, त्याच्या बाजूला बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “जिना चढलं की दम लागते. आडवं झालं की झोप येत नाही. झालं आता समाधान?”

“हो,” तो म्हणाला. “झालं.” आणि दोघं तसेच बसून राहिले, त्याचा गुडघा तिच्या खांद्याला लागत होता.

दुपारी त्याने स्वतःहून कोचला फोन लावला. फ्रेंच मला कळत नाही. पण आवाज सामन्याबद्दल बोलणाऱ्या माणसाचा होता. फोन ठेवून मला म्हणाला, “मी जातो. पण आजीचं काही झालं तर तेव्हाच्या तेव्हा फोन. मी मॅचमध्ये असलो तर कोचला. खेळायचं की यायचं, ते मी ठरवीन. तुम्ही नाही.”

मग टेबलावरचे हे कागद त्याला दिसले. त्याला मराठी वाचता येत नाही. “आईला लिहून राहिला?” मी हो म्हणालो. “तिला सांग, मी अजून खूप चिडलेलो आहे.”

सांगितलं.

ताई, तुला दिलेला शब्द मी शेवटपर्यंत पाळला. आता मी त्याला दिला आहे. आईची बातमी असो की माझी, बरी असो की वाईट, जशी असेल तशी, सगळ्यांत आधी रेमीला जाईल. सीझन चालू असो, फायनल असो, त्याचं पहिलं वर्ष असो की शेवटचं. मी तुझी परवानगी मागत नाही. तुला फक्त कळवतो आहे.

तुझा धाकटा भाऊ,
विजू