न उडालेला बार

२ नोव्हेंबर

आज शेडमध्ये जाऊन हेल्मीची बंदूक खाली काढली. खुंटीवर होती तशीच होती. पट्ट्यावर कोळ्याचं जाळं. पुसलं नाही.

सिल्वीचा फोन आला म्हणून गेलो. "या डिसेंबरात मी हेल्मीची बंदूक घेऊन जाणार. तू मागवलेला तो जोड बसवून ठेव. टोप्यांचं नाटक आता पुरे झालं." हो म्हटलं. हेल्मीची थोरली बहीण, माझी मेहुणी. तिला नाही म्हणायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही.

जोडाचं खोकं टपालानं आलं ते हेल्मीच्या दफनानंतर चौथ्या दिवशी. अजून उघडलेलं नाही.

५ नोव्हेंबर

खोकं उघडलं. आत थोडंच सामान – प्रायमर बसायची पितळी बैठक, घोड्याच्या दांड्याला लावायचं नवीन नाक, पातळ चकत्या, एक पाना. माहितीचा कागद इतक्या बारीक अक्षरात की मी माझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला असलं वाचायला कधी दिलं नसतं.

ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी, आणि गजानं ठासायची. मागे मसुराएवढी तांब्याची टोपी. घोडा टोपीवर पडतो, ठिणगी आत जाते, बार उडतो. हवा दमट असली की नुसतंच टप्! हेल्मीचं तसं तीन हिवाळे झालं. त्याआधी दरवर्षी एक हरीण घरी आणायची. या जोडानं टोपीच्या जागी वाटाण्याएवढा प्रायमर बसतो. त्याची आग कितीतरी मोठी. ओलीलाही दाद देत नाही म्हणे.

गेल्या डिसेंबरात हंगामाच्या शेवटच्या दिवशी तिच्यासमोर मोठा नर आला. सिल्वी पुढच्या वळणावरच्या मचाणावर होती, तिनं टप् ऐकलं. हेल्मी घरी येऊन म्हणाली, "टप् झालं. गेला." गाल थंडीनं लाल. दोन कप कॉफी प्यायली. वेलदोड्याचा पाव खाल्ला. मी त्याच संध्याकाळी जोड मागवला. तिला सांगितलं नाही. तेवढा वेळच मिळाला नाही. पुढच्याच आठवड्यात झोपेत गेली.

७ नोव्हेंबर

सिल्वी आली. बूट झटकले नाहीत, कोट काढला नाही, सरळ शेडमध्ये.

"गज टाकून बघितलास?"

"कशाला?"

"देवा! पन्नास वर्षं तिच्याशी संसार केलास आणि विचारतोस कशाला!"

गज नळीत सोडला. हेल्मीनं त्यावर दोन खुणा कोरल्यात. एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. गज भरलेल्या खुणेशी थांबला. अगदी बरोबर, केसाचाही फरक नाही.

सिल्वी लाकडाच्या ओंडक्यावर बसली.

"भरलेली आहे रे. तिनं भरलेली."

हंगामात इथं सगळेच तसं करतात. टोपी काढायची, बंदूक भरलेलीच थंड शेडमध्ये ठेवायची. घरात आणली की उबेनं नळीला घाम फुटतो. हेल्मीनंही ठेवली. पुढच्या वर्षीसाठी म्हणून असेल.

सिल्वी म्हणाली, नळीचं मागचं बूच काढून आतलं सगळं बाहेर काढ, मग जोड बसव. मी म्हटलं, नाही. हा बार उडवायचा.

"वर्षाची दारू. ओल धरली असेल."

"म्हणूनच प्रायमर."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिचं म्हणणं याआधी कधी मोडलं होतं, आठवत नाही.

"बरं. पण जिवंत प्रायमर या घरात येणार नाही. एकही नाही. आणि नळीचं तोंड कायम बर्फाच्या ढिगाकडे. चष्मेवाल्या, ऐकतोयस ना?"

ऐकतोय.

८ नोव्हेंबर

रात्रभर बर्फ. काही केलं नाही.

११ नोव्हेंबर

ओन्नीकडे गेलो. त्याच्या गॅरेजात नेहमीची शिकारी मंडळी, भट्टीभोवती. उडालेले प्रायमर मागितले, माप बघायला. ओन्नीनं मूठभर दिले.

"हेल्मीच्या टप्-टप्याला दात बसवतोस म्हणे?" कुणीतरी म्हणालं. हसले. ओन्नी भट्टीत लाकूड सरकवत राहिला.

मला वाईट वाटलं नाही. ती गेल्यावर तिच्यावर पहिल्यांदाच कुणी हसलं. बरं वाटलं, खरं म्हणजे.

निघताना ओन्नी दारापर्यंत आला. म्हणाला, "गोळी चुकली असती तर माणूस विसरतं. समोर हरीण उभं आणि टप् – ते मनात राहतं. तिच्या राहिलं असेल." 

वाटभर तेच डोक्यात.

१२ नोव्हेंबर

शेडमध्ये हातमोज्याची बोटं कापून काम. टोपी बसायची ती जुनी छोटी नळी फिरवून काढली. पाना लागला तशी सहज निघाली. तिथं पितळी बैठक बसवली. दांड्याचं नाक बदललं. एवढं अर्ध्या तासात झालं. मला वाटलं संपलं!

उडालेला प्रायमर बैठकीत ठेवून दांडा पुढे सरकवला. प्रायमर आत खुळखुळला. म्हणजे फट आहे. अशी फट राहिली तर आग पुढे जायची ती मागे येते. डोळ्यांकडे.

एक चकती घातली. खुळखुळ कमी, पण आहे. दोन घातल्या. दांडा बंदच होईना.

दीड चकती हवी.

१४ नोव्हेंबर

आयुष्यभर हेच केलं. नाकावर चष्मा बसतो पण वाकल्यावर घसरतो. काडी थोडी वाकवली की कानामागे दुखतं. मधली जागा शोधायची. घाई केली की काडी मोडते.

चकती काचेवर बारीक पॉलिश कागद ठेवून घासली. चारदा घासायची, मग बसवून बघायचं. दांड्याच्या नाकाला काळी शाई लावली. दांडा बंद करून उघडला की प्रायमरवर शाई कुठं लागते ते दिसतं. आधी एकाच कडेला लागत होती. मग अर्ध्या वर्तुळाला. दुपारनंतर सगळीकडे सारखी. दांडा बंद करताना बोटाला किंचित अडतं आणि मग बसतं. तसंच हवं.

हेल्मी असती तर दारात उभी राहून म्हणाली असती, "अर्वो, जेवायला ये, ते लोखंड पळून जात नाही."

जेवायला आठ वाजले.

१५ नोव्हेंबर

आजपासून साध्या बंदुकीचा हंगाम; ठासणीचा डिसेंबरात. शाळा बंद, दुकानं बंद, पोस्टात एकटी नवीन मुलगी. गावात माझ्यासारखे म्हातारे आणि कुत्री.

सिल्वी पहाटे गेली, संध्याकाळी रिकाम्या हातानं आली. मांस-बटाटा भरलेली पेस्टी तेवढी आणली, आम्ही खाल्ली. म्हणाली, "तिची नजर गेली असेल का रे? टोपी नीट बसली नाही हे दिसलं नसेल?"

नाही. तिची नजर मला पाव नंबरापर्यंत माहीत होती. उन्हाळ्यातच तपासली होती.

"मग ओलच," सिल्वी म्हणाली.

२३ नोव्हेंबर

शनिवार. एकट्यासाठी सौना, वाफेच्या आंघोळीची खोली, तापवली. वर्षात पहिल्यांदा. वरच्या बाकावर दोघांची जागा.

१ डिसेंबर

रविवार. आज खडीच्या खाणीत गेलो. सिल्वी, मी, बंदूक. जिवंत प्रायमर सिल्वीच्या कोटाच्या खिशात, डबीत.

मी म्हटलं, मी उडवतो. तिनं काही विचारलं नाही. खांद्याला दस्ता लावून दिला, कोपर वर केलं. "गालावर घट्ट. नाहीतर दात मोजत बसशील." कानात बोळे, डोळ्यावर माझाच जुना कामाचा चष्मा. मातीच्या चढावर पुठ्ठा लावला होता.

चाप ओढला.

कडाड्! खरंच मोठा आवाज. मला वाटलं उडाला. सिल्वी ओरडली, "हलू नकोस! तोंड तिकडेच ठेव!"

तो नुसता प्रायमर होता. बार नाही. अशा वेळी आतली ठिणगी रेंगाळत असली तर उशिरा उडतो, म्हणून थांबायचं असतं. सिल्वी मोठ्यानं आकडे मोजत होती, फिनीश भाषेत, तिच्या आईसारखं. काही झालं नाही.

दुसरा प्रायमर. कडाड्. थांबलो. काही नाही.

काचेवर काळे ठिपके आले होते. सिल्वीनं चष्मा काढून बघितला. "मागून फुंकतंय. नीट बसलेलं नाही तुझं."

गाडीत बसल्यावर म्हणाली, "शेवटच्या आठवड्यात हेल्मी गप्प गप्प होती. मला ती रुखरुख दिसत होती, अर्वो. तू काय, तू दुकानातून आल्यावर पेपर वाचणार."

गप्प होती, खरं आहे. पण ती रुखरुख होती असं मला वाटलं नव्हतं. आता मला माहीत नाही.

२ डिसेंबर

काजळी कुठं साठली ते भिंगाखाली बघितलं. बैठकीच्या वरच्या कडेला, चंद्रकोरीसारखी. म्हणजे तिथं शाई लागत असूनही दाब कमी. चकती नव्यानं केली, जराशी जाड. आता दांडा अंगठ्यानं ढकलावा लागतो.

हा बार उडाला पाहिजे. ओलीमुळे ती हरली आणि तशीच गेली, एवढंच राहू नये. उडाला की सिल्वीला म्हणता येईल, तिनं नीटच भरली होती. मलाही.

४ डिसेंबर

पुन्हा खाण. वारा. सिल्वीला खोकला.

एक प्रायमर. चष्म्यावर एकही ठिपका नाही! काजळी नाही, मागे धूर नाही. माझं काम बरोबर आहे. सिल्वीनं पाठ थोपटली.

पण बार नाही.

आणखी एक. नाही. गज टाकून बघितला, गोळी हललेलीही नाही.

सिल्वी गाडीच्या बॉनेटला टेकून उभी राहिली. "दारूच मेली. आता हट्ट सोड. परवा ठासणीचा हंगाम सुरू. बूच काढ, साफ कर, मी ताजी भरते."

"हो."

"तिच्या हातचं होतं म्हणून मलाही..." नाक शिंकरलं आणि म्हणाली, "थंडी फार आहे."

बैठक काढून मागच्या भोकातून पाणी सोडलंय. दारू भिजली की निर्धोक. रात्रभर राहील. उद्या बूच उघडतो.

५ डिसेंबर

बूच निघालं.

दारू नव्हती. रवा होता. सकाळच्या लापशीचा, तिच्या फडताळातला. मापून भरलेला, खुणेपर्यंत. पाण्यानं फुगलेला. बुडाशी, आग लागायची तिथं, भाजून तांबूस झालेला.

टप् झालं की हरीण पळतं. जगतं. तीन हिवाळे.

सिल्वीचा फोन आला. "काय निघालं आत?"

"ओल," म्हटलं. "सगळी ओल होती."