विमानावरचं नाव

सांगली
४ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
राजूचा नमस्कार.

काल भाऊबीजेला साताऱ्याला आले नाही. गुडघ्यांचं निमित्त सांगितलं, ते खोटं होतं. गुडघे बरे आहेत. वहिनीच्या चकल्या पोचल्या. यंदा छान कुरकुरीत झाल्यात, तिला सांग.

तुमच्या कमिटीच्या नव्या सभागृहात आबांचा फोटो लावायचं ठरलं तेव्हा तूच म्हणालास, "लढाईतला शोध, विमानासकट." वर्षभर शोधला. पाचगणीच्या नन्सनी घोटून घेतलेलं इंग्रजी कामी आलं, परदेशी लोकांना पत्रं लिहिली. फोटोंत कुणाकुणाची विमानं आली, कुणाकुणाचे वैमानिक आले, आबा काही येईनात. शेवटी सापडले ते कवठे महांकाळला, त्यांच्या विमानाची देखभाल करणाऱ्या बिरदेव मान्यांच्या घरी, देव्हाऱ्याशेजारी.

दुसऱ्या महायुद्धातली ब्रह्मदेशातली धावपट्टी, हरिकेन विमान आणि त्याला टेकून उभे आबा, विशीतले, खळखळून हसणारे. आपण त्यांना असं हसताना कधी पाहिलं रे? आणि त्यांच्या डोक्याशी, विमानाच्या नाकाजवळ पांढऱ्या रंगात लिहिलेलं: बया.

मी म्हटलं, "हे माझ्या वडलांच्या बहिणीचं नाव, आमच्या बयाआत्याचं."

बिरदेवांचा मुलगा अर्जुना हसला. तोही आता म्हातारा झालाय. "आवं ताई, भनीचं नाव कोन घालतंय इमानावर? मालकिणीचं हाय. आमच्या म्हाताऱ्यानं सोताच्या हातानं रंगवलंय. सायेब उडायच्या आदी त्येच्यावर हात ठेवायचं. इमान सुरू झालं की समदी पोरं वरडायची, 'अगं बया!'"

मीही हसले. एसटीत बसल्यावर मात्र रडू आवरेना.

फोनवर तुला हे सांगितलं तेव्हा तू "कोण मालकीण?" असं विचारलं नाहीस. म्हणालास, "नाव कॉम्प्युटरवर पुसून घे." म्हणजे तुला माहीत होतं. मग तुटक तुटक सांगितलंस. आबा बेपत्ता असल्याची तार आली. आजीनं बेपत्ता म्हणजे गेला असंच धरलं, सुनेच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. पुढं आबा जिवंत परत आले, तर आजी म्हणाली, पुसलेलं कुंकू पुन्हा लावलं तर माझा पोरगा खरंच जाईल. शत्रूच्या विमानांना न भ्यालेले आबा आईपुढे गप्प बसले. दुसरं लग्न झालं. आणि पहिली बायको त्याच घरात आपली बयाआत्या झाली.

दादा, तिनं आपल्याला भरवलं, न्हाऊ घातलं. होस्टेलवर लाडू घेऊन यायची. सिस्टरनी एकदा विचारलं, "तू राजूची आई का?" तर घाईघाईनं म्हणाली, "न्हाई, न्हाई, आत्या." भाऊबीजेला तिनं आबांना कधी ओवाळलं नाही. आपण म्हणायचो, आत्याला चूल सोडवत नाही. आणि आई तिला 'वन्सं' न म्हणता 'आक्का' म्हणायची. सगळं डोळ्यांसमोर होतं.

तू म्हणतोस, आईचा अपमान होईल. मग हे ऐक. आत्या गेली तेव्हा आबा हयात होते. आईनं दार लावून घेतलं, एकटीनं तिला आंघोळ घातली आणि चेहऱ्यावरचा पदर कुणाला सरकवू दिला नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या बोटाला कुंकू होतं. मी पाहिलं, पण त्या वयात अर्थ लागला नाही.

तेव्हा नाव पुसणार नाही. फोटो मोठा करून, काच लावून तयार आहे. उद्‌घाटनाला मी स्वतः घेऊन येते. तुमच्या कमिटीला चालत नसेल तर भिंत मोकळी राहू दे. पण बया पुसून एकटे आबा त्या भिंतीवर लागले, तर माईकपाशी जाऊन मी सगळं सांगेन. मग पाहुणे ऐकोत नाहीतर पत्रकार.

आबांना हार तू घाल. मी काचेवर त्या नावाला कुंकू लावणार आहे. आईनं दार लावून केलं, मी सगळ्यांसमोर करीन.

कालची ओवाळणी राहिली आहे. तबकही घेऊन येते. पाटावर बसायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी खरोखरची बहीण,
राजेश्वरी