आवाज ओळखा

महाल, नागपूर
१० नोव्हेंबर २०२५

चि. विक्रम यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर काही बोलू नकोस, काय ते कागदावर लिही, ही तुझी ताकीद पाळते आहे. सख्ख्या मावशीशी फोनवर बोलायला घाबरणारा संपादक तू एकटाच. पण फोनचं काय काय होतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

तुझी ‘सांजतोफ’ हल्ली साडेपाचला दारात पडली की मी कुकरचा गॅस बंद करून बसते. रामदासपेठेतल्या त्या डॉक्टरांचं प्रकरण झकास रंगलं आहे. त्यांच्या फोनमधले निरोप तुम्ही कसे मिळवलेत ते विचारत नाही; विचारलं की चव जाते. आणि ‘आवाज ओळखा’ ही स्पर्धा तर कळस. अंकातल्या नंबरावर फोन लावून डॉक्टरांना निरोप धाडणाऱ्या त्या अज्ञात बाईचा आवाज रोज अर्धं मिनिट ऐकायचा, नाव ओळखून पाठवायचं आणि कुकर जिंकायचा. मी तीन नावं पाठवली आहेत, तिन्ही आमच्या गल्लीतली.

रविवारी प्रेमिला आली होती. आमच्या शाळेत भूगोल शिकवायची ती. तिलाही ऐकवलं. आधी नाहीच म्हणाली, दुसऱ्याच्या घरातलं आपण काहून ऐकायचं म्हणे. मी म्हटलं, ज्याला लपवायचं नाही त्याला भीती कसली? मग ऐकलं, आणि चहा अर्धा टाकून निघून गेली. ती बाई हसताना शेवटी नाकातून हुंकारते, ऐकलंस ना? वळण नसलेलं हसणं. अशा मुलीची आई काय करत होती, हे तुम्ही विचारायला हवं. शीर्षक देते: ‘आई, तू होतीस कुठे?’

आमच्या नूपुरचं लग्न ४ डिसेंबरला नक्की. अमरावतीकरांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, हुंडा नको, मानपान नको, मुलीचं नाव तेवढं स्वच्छ हवं. अशी माणसं हल्ली मिळतात कुठे?

तुझ्या हातून अशीच समाजसेवा घडो.

तुझी मावशी,
अरुंधती


रामदासपेठ, नागपूर
१२ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

कुकर तुला मिळणार नाही. तो आवाज नूपुरचा आहे.

आधी मलेही पटलं नाही. ती ज्या हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर तिथलेच. एकूण त्रेचाळीस निरोप आहेत. मी स्वतः बसून ऐकले. मावसभाऊ म्हणून नाही, संपादक म्हणून. एकात तिनं तुझी नक्कल केली आहे, आणि चांगली केली आहे. ऐकवण्यापूर्वी आवाज आम्ही थोडा जाड केला होता, म्हणून तू ओळखला नाहीस. हसण्याला मात्र हात लावलेला नाही. तुझ्यासमोर ती तशी हसतच नसेल.

अकराशे नावं आली, बरोबर एकही नाही. नाव येत्या रविवारी जाहीर करू, असं छापून बसलो आहोत. घरच्यांना वगळलं तर वाचकांना काय तोंड दाखवू? ‘आमच्याकडे खासगी काही नाही’ हे पहिल्या पानावरचं ब्रीद तूच तपासून दिलंस. खासगी की खाजगी, यावर मले अर्धा तास ऐकवलं होतंस.

शीर्षक झकास आहे. ठेवून घेतलं.

काकांना नमस्कार. आशीर्वादाची गरज आता मला कमी, तुम्हाला जास्त.

विक्रम


महाल
१३ नोव्हेंबर

चि. विक्रम,

तुझी बारशाची कुंची मी शिवली होती. हे लिहायची वेळ आणलीस.

काल जेवताना मी नूपुरला मुद्दाम एक विनोद सांगितला. ती हसली नाही. ताटाकडे बघत राहिली, आणि मी तिच्या नाकाकडे. हिच्या वडिलांना काही सांगितलेलं नाही. ते पत्रिकांवर हळद-कुंकू लावत बसले आहेत. अमरावतीला तुझा अंक जातो की नाही ते कळव. जात नसला तरी फोनवर आवाज जातोच म्हणा.

ज्याला लपवायचं नाही त्याला भीती कसली, असं मी म्हटलं होतं. ते लोकांबद्दल होतं रे, आपल्याबद्दल नव्हतं.

दुसरं काहीही माग, हे मागू नकोस. लग्न मोडलं तर ती मुलगी घरात बसेल आणि मी तिच्यासमोर बसेन, आयुष्यभर.

आई होतीच कुठे असं कुणी विचारू नये, एवढं कर.

मावशी


रामदासपेठ
१५ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. न.

तू रडलीस तर मी विरघळतो, हे तुला माहीत आहे. तांत्रिक अडचण म्हणून निकाल एक आठवडा पुढे ढकलतो. पण २३ तारखेचं पहिलं पान कोरं सोडता येत नाही. तेवढ्याच वजनाचं दुसरं काही हवं.

तुझ्या प्रेमिलाबाईंची दीप्ती यंदा नायब तहसीलदार झाली. आम्हीच तिचा फोटो छापला, चौकात फलक लागले. ज्या पोरीचे फलक लागतात तिच्या घरात ऐकण्यासारखं काही तरी असतंच. बाईंच्या फोनची काच तडकली आहे, असं तूच दिवाळीत म्हणाली होतीस. तुमच्या गल्लीतल्या साहिलकडे दुरुस्तीला टाक. साहिल आपला माणूस आहे. डॉक्टरांचा फोनही त्याच्याच हातून गेला होता. मले फक्त फोन उघडायचा आकडा पाहिजे.

नूपुरची फाइल माझ्या खणात आहे. खणाची चावी मी गळ्यात घालून फिरून राहिलो आहे, असं समज.

माया करतेस तशीच कर.

विक्रम


महाल
१८ नोव्हेंबर

चि. विक्रम यास आशीर्वाद.

काल फोन साहिलकडे दिला. प्रेमिलाला शाळेत सत्काराला जायचं होतं, म्हणून माझ्याच हातात ठेवून गेली. ताई, तुम्ही सोबत असल्या की मले चिंता नाही, असं म्हणाली. मी दोन तास दुकानात बसले होते.

आकडा १४१०. चौदा ऑक्टोबर. तिचे आजोबा छप्पन साली दीक्षेला उभे होते. त्यांच्याकडे कपाटापासून सुटकेसपर्यंत सगळी कुलपं याच तारखेची. मला विचारावंसुद्धा लागलं नाही.

फार शोधू नका. तीन वर्षांपूर्वी परीक्षा तिसऱ्यांदा हुकली तेव्हा दीप्तीनं गोळ्या घेतल्या होत्या. दवाखान्यात डबा मीच नेत होते. त्या दिवसांत तिनं आईला पाठवलेले रडण्याचे आवाज प्रेमिलानं पुसलेले नाहीत. ते ऐकले की पोरगी वाचली याची खात्री पटते, असं मला एकदा म्हणाली होती. ऑगस्ट २०२२ बघा.

‘मानसिक’मधली ‘सि’ ऱ्हस्व. मागच्या वेळी दीर्घ छापलीत.

खण नीट लावून घेत जा. लोभ त्यातच आहे.

मावशी


इंदोरा, नागपूर
२८ नोव्हेंबर

अरुंधतीताईंना सप्रेम जयभीम, वि. वि.

लग्नघरी असं पत्र पाठवू नये हे कळतं. पण फोन मी बंद करून पेटीत टाकला आहे, आणि तुमच्याशिवाय लिहायला कोणी नाही.

रविवारी ‘सांजतोफे’नं दीप्तीचा आवाज लावला, तेव्हापासून रोज लावून राहिले. अशा मनाच्या हाती सरकारी शिक्का कसा, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांचा दाखला आणेपर्यंत रजेवर राहा, असं साहेबांनी तिला सांगितलं. ज्या चौकात तिचा फलक होता, तिथला पानवाला तोच आवाज लावून पानं बांधतो. शेजारणी सांत्वनाला येतात, डोळे पुसतात, आणि जाताना विचारतात, पूर्ण आवाज कुठं मिळते वं. मी भूगोल शिकवला, माणसं शिकवली नाहीत.

दीप्ती घरी नाही. कोराडीला माझ्या बहिणीकडे, यमुताईकडे नेऊन ठेवली आहे. वीज केंद्राच्या वसाहतीत पाण्याच्या टाकीमागची शेवटची इमारत, खालचं घर. राखेमुळे तिथं खिडक्या कोणी उघडत नाही, म्हणून बरं. हे माझ्या लेकाला अंकुशला, यमुताईला आणि तुम्हाला, एवढ्यांनाच माहीत. पोरगी जेवत नाही. मागच्या वेळी तुमच्या डब्यातली कढी तेवढी पोटात गेली होती. लग्नाच्या गडबडीतून जमलं तर एकदा जाऊन या. मी गोळ्यांच्या दुकानावरून जातानाही आता मान खाली घालते.

माझा अंकुश म्हणतो, हे त्या साहिलचंच काम. तुम्ही दोन तास तिथं बसल्या होत्या, तुमच्याहून मोठा साक्षीदार कोण? तो फोन घेऊन आत गेला होता का, आठवून ठेवा. सोमवारी आपण पोलिसांत जाऊ. मीच तुमच्या गळ्यात हे काम टाकलं, त्याची माफी मागते.

आणखी एक. लिहावं की नाही, चार दिवस विचार करून राहिली होती. त्या रविवारी तुम्ही मला हसणं ऐकवलं, ते मी तेव्हाच ओळखलं. सहा वर्षं माझ्या वर्गात बसलेली पोरगी. नकाशा वाचताना हसू आलं की अशीच नाकातून हुंकारायची. तुमच्यासमोर बसवलं नाही, म्हणून चहा टाकून निघाली. कोणाले बोलली नाही. अंकुशले नाही, दीप्तीलेही नाही. तुम्हाला अजून कळलं नसेल तर माझ्याकडून कळू नये असं वाटत होतं. पण तक्रार झाली तर त्यांना तिचंही नाव छापता येणार नाही, म्हणून घाई करते. दोन्ही पोरी वाचतील, ताई.

उत्तर कागदावरच द्या. तुमची माणुसकी आहे म्हणून उभी आहे.

तुमची,
प्रेमिला


महाल
२९ नोव्हेंबर

चि. विक्रम यास आशीर्वाद.

प्रेमिलाचं पत्र सोबत जोडलं आहे. मूळच पाठवते, झेरॉक्सला गेले असते तर दुकानदारानं वाचलं असतं. कुणाचं पत्र असं परक्याच्या हाती पडणं मला आवडत नाही.

तिला नूपुरचं ठाऊक आहे. तीन आठवडे ठाऊक होतं, आणि माझ्याच घरी येऊन हळदीच्या सुपाऱ्या निवडून गेली. एवढी गप्प बसलेली बाई कधी बोलेल याचा नेम नाही. सोमवारी ती पोलिसांत जाणार आहे. उद्याच्या अंकात दीप्तीचा ठावठिकाणा आला, तर सोमवारी तिला कोराडीला धावावं लागेल. पत्ता तिसऱ्या परिच्छेदात आहे. खिडक्या बंद असतात, तेव्हा फोटो काढणाऱ्याला दाराशीच थांबायला सांग.

मुलगी हळवी आहे. भाषा जपून वापरा. ‘फरार’ नको, ‘अज्ञातवासात’ लिहा.

पोलिसांनी मला बोलावलंच, तर मी सांगेन की दोन तास बसले होते आणि साहिलनं माझ्यासमोर काच बदलली. काच त्यानं खरोखर बदलली आहे.

आज दुपारी कढी केली होती. नूपुरनं दोनदा मागून घेतली. वजन भरायला हवं तिचं, नऊवारीत फार किडकिडीत दिसते.

बुधवारी हळद आहे. प्रेमिलाला पहिली पत्रिका मीच नेऊन दिली होती, आता परत मागता येत नाही. ती येणार नाही, एवढं बघ.

तुझी मावशी,
अरुंधती