माळवदावरचं सिमेंट

नळदुर्ग,
ता. ८ फेब्रुवारी १९६२

चि. बसवराजास अक्काचा आशीर्वाद.

तीन पत्रं टाकली, एकाचं उत्तर न्हाई. हैदराबादेत टपाल पोचत न्हाई व्हय? घर तुझ्या नावावर आन जुन्या इमारतींच्या खात्याच्या साहेबापुढं उभं राहायचं मी. "जुनं घर हाय, कमान जपली पायजे" म्हणून दारावर सरकारी पाटी तूच लावून घेतलीस. तवापासून खिळा ठोकायचा तरी अर्ज.

चाँदपाशा गवंड्यानं कमान चुन्यात नीट बसवली. परसात अव्वासाठी नवी खोली मात्र छातीएवढी होऊन थांबली. "वाटेवरून दिसायची न्हाई, इतकी बुटकी ठेवतो," म्हणाला, तशीच आखली होती. आत नळ, आतच संडास. मळलेला चुना हौदात वाळून चाललाय.

का थांबली ते मागच्या पत्रांत लिहिलं न्हाई.

कार्तिकात अव्वाच्या अंगावर माळवद पडलं, खुबा मोडला, एवढं तुला ठावं हाय. साहेब कमान बघायला आला, त्यानं ढिगारा उकरला. "माळवदावर सिमेंट कुणी टाकलं?" चाँदपाशा खाली बघत उभा. मी म्हणाले, "भावानं."

टाकलं मी. दर उन्हाळ्याला पांढरी माती चढवा, तुडवा. मला वीट आला होता. चाँदपाशा म्हणाला होता, "बाई, माती पाणी पिती आन सोडती. सिमेंट सोडायचं न्हाई." मी म्हणाले, "तू आपली थापी सांभाळ." एका पावसाळ्यात तुळई आतनं कुजली.

आता साहेबाला टाकणाऱ्याच्या सहीचं माफीपत्र पायजे, मग खोलीच्या परवानगीचं बघणार. अव्वाला वाटतं, देवाची करणी. माझं, पोटच्या लेकीचं, नाव तिच्या कानावर गेलं तर कुठल्या हातानं तिला उचलू?

परसाकडं न्यायला चौघी लागतात. हल्ली ती पाणीच पीत न्हाई. "तहान न्हाई गं," म्हणती. ओठ फुटलेत. का पीत न्हाई ते मला कळतंय. डॉक्टर नुसती मान हलवतो. खोली झाली तरी तिच्या कामाला येईल असं वाटत न्हाई.

तरी सही कर. न्हाईतर "करत न्हाई" असं तरी लिही, मग अव्वाच्या उशाला उभी राहून साहेबाला माझं नाव सांगते. साहेब मंगळवारी, वीस तारखेला येतो. मला सोमवारी उत्तर पायजे.

तुझं नाव पुढं करणारी,
प्रेमाक्का